काम करताना वेळ कसा जातो ते कळत नाही?

अर्धीझोप

परवा आमच्याकडे 'वर्क एंगेजमेंट'चा, म्हणजे कामात जीव किती रमतो ते मोजणारा, एक फॉर्म फिरला. ज्यांच्या नोकरीला तीन वर्षं पुरी व्हायची आहेत अशा स्टाफ नर्सेससाठी. १७ वाक्यं, प्रत्येकासमोर ० ते ६ आकडे. ० म्हणजे असं कधीच वाटत नाही, ६ म्हणजे रोज वाटतं. नाव लिहायचं नाही म्हणाले, फक्त वॉर्ड, वय आणि रुजू झाल्याची तारीख. त्या तारखेला आमच्या वॉर्डात रुजू झालेली मी एकटीच. म्हणजे नाव लिहिलं काय नि न लिहिलं काय.

त्यातल्या एका वाक्यावर अडकून बसले आहे. काम करताना वेळ कसा जातो ते कळत नाही, असं काहीसं होतं. खरंच कळत नाही हो! ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेते, कामाला लागते, आणि पहिल्यांदा घड्याळ बघते तेव्हा दुपारच्या इंजेक्शनांची वेळ टळायला आलेली असते. मग ६ लिहू? पण मला सुख होत नाहीये, मागे कोणी लागल्यासारखी पळत असते. पुढचं वाक्य तर कहर. सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं का. महिन्यात आठ-दहा नाईट असतात, तेव्हा सकाळी मी झोपते.

चेष्टा सोडा. मेडिकल वॉर्डला दीड वर्ष झालं. हा पेशा मी हट्टाने घेतला, कोणी ढकललं नाही. पहिले दोन-तीन महिने अर्धा तास आधी जाऊन केस पेपर वाचत बसायचे. आता लिफ्टचं दार उघडलं की पोटात खड्डा पडतो. काम बिघडलेलं नाही, औषध चुकलं नाही, नोट्स पूर्ण असतात. पण घरी जाताना आज कोणासाठी काय केलं ते आठवत नाही.

हे सगळ्यांचं होतं का? जीव परत रमायला लागतो का, आणि कधी? की हे काम माझं नव्हेच?

निरुद्योगी

वर्क एंगेजमेंट म्हणजे कामाशी साखरपुडा ना? मग तुमचा मोडत आलाय, एवढंच. अंगठी परत करू नका मात्र.

कंसात

साखरपुडा राहू दे, पण याला मराठीत म्हणायचं काय? कार्यमग्नता सुचवतो.

निरुद्योगी

कार्यमग्नता ऐकून एखादी सरकारी योजना आठवते.

टाचणी

'जीव रमणे' हा शब्द मूळ धाग्यातच आहे. पुरेसा आहे. कंसात, तुम्ही प्रत्येक धाग्याचा शब्दकोश करता.

जुनी_सिस्टर

२६ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली ११ इनचार्ज म्हणून. रागावू नकोस बाळा, पण नव्याचे नऊ दिवस संपले एवढाच याचा अर्थ. तुमची पिढी रमायची वाट बघत बसते. काम हातात बसलं की मन आपोआप बसतं. आम्हाला पहिल्या वर्षात कोणी फॉर्म दिला नाही. अवघड व्हेन पहिल्या टोचणीत लागायला लागली, डॉक्टरांनी विचारायच्या आत पेशंटचं इनपुट-आउटपुट, पाणी किती गेलं नि लघवी किती झाली, तोंडावर यायला लागलं, त्या दिवसापासून रमले. दीड वर्ष काहीच नाही. तीन वर्षं होऊ दे, मग बोल.

पांढरा_बूट

जुनी_सिस्टर, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून असहमत.

मी सर्जिकल आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे, तिसरं वर्ष. हात बसला माझा. त्याचं फळ काय मिळालं? व्हेन सापडत नाही, ब्रदरला बोलवा. पंप वाजतोय, ब्रदरला बोलवा. जड पेशंट वळवायचा, नवीन मुलीला एकटं ठेवता येत नाही, कोणाची तरी नाईट पडली, आहेच ब्रदर. रोस्टर लावताना 'हा नाही म्हणत नाही' एवढीच माझी ओळख उरली आहे. गंमत अशी की तो फॉर्म मी आज भरला तर बऱ्याच वाक्यांना ५ देईन. काम आवडतं मला, पेशंट आवडतात. आणि तरी गेले दोन महिने मी दुसरी नोकरी शोधतोय.

तेव्हा जीव रमला की माणूस टिकतो, हे समीकरण मला पटत नाही.

वाचनमात्र

पांढरा_बूट +१. जो घोडा चालतो त्याच्याच पाठीवर ओझं.

आकडेमोड

नर्स नाही, पण असल्या प्रश्नावल्यांशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहितो.

१७ वाक्यं आणि ० ते ६ म्हणजे बहुधा नेदरलँड्समधली युट्रेक्ट मोजपट्टी. शॉफेली, बाकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेली. पुढे २००६ मध्ये तिचा ९ वाक्यांचा छोटा अवतारही आला. ती तीन गोष्टी मोजते : अंगात उमेद आहे का, कामाचं मोल वाटतं का, आणि कामात तल्लीन होता का. अर्धीझोप अडकल्या ते वाक्य तिसऱ्या गटातलं. तल्लीन होणं म्हणजे आपणहून बुडणं. कोणीतरी डोकं पाण्याखाली दाबून धरलं तरीही वेळेचं भान सुटतं, पण कागदावर दोन्हींना ६च. हे काम ज्याने कधी पाहिलं नाही त्याला तो फरक दिसत नाही.

म्हणूनच एकट्या वाक्याकडे कोणी बघू नये, तिन्ही गट शेजारी ठेवून बघावं. तल्लीनता वर आणि उमेद तळाला असेल तर हे माणूस दमलंय, रमलेलं नाही, हे कळायला हवं. आणि असा फॉर्म वॉर्डाची अवस्था समजून घ्यायला असतो, एकेकाला पकडायला नाही. रुजू झाल्याची तारीख मागणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

स्टेथो

मी डॉक्टर. रेसिडेन्सीत आम्हीही यातून गेलो. दृष्टिकोनाचा भाग बराच असतो असं माझं मत. झोप, व्यायाम, एखादा छंद, दहा मिनिटं शांत बसणं याने फरक पडतो. संस्था बदलायची वाट बघण्यापेक्षा स्वतःपासून सुरुवात बरी.

टाचणी

डॉक्टर, दहा मिनिटं शांत बसायला ती दहा मिनिटं लागतात. उंटावरून शेळ्या हाकू नका.

स्टेथो

उंटावर नाहीये. ३६ तासांच्या ड्युट्या मीही केल्यात.

आकडेमोड

स्टेथो, छंदाला विरोध नाही, पण याची दुसरी बाजू मोजलेली आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधली १६८ रुग्णालयं. एका नर्सकडे सरासरीने एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. आणि नर्स कामाने जळून जाण्याची, म्हणजे बर्नआउटची, शक्यता २३ टक्क्यांनी जास्त. (शक्यता म्हणजे इथे ऑड्स, घडण्याचं न घडण्याशी असलेलं प्रमाण, आणि हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. कंसात यांनी विचारायच्या आत सांगून टाकतो.)

जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. त्यांच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, त्याची नोंद कामाच्या ठिकाणाशी जोडलेली घटना म्हणून आहे. कामावरचा दीर्घ ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी. तेव्हा नुसता दृष्टिकोन बदलून किती पेशंट कमी होणार?

स्टेथो

मान्य. 'बराच भाग' हे शब्द मागे घेतो. झोपेचं मात्र मागे घेत नाही.

कंसात

'कामाने जळून जाणे' छान आहे.

सोडूनगेलेली

या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

मी १४ महिन्यांनी सोडलं. आता घरून विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासते. लोकांना वाटतं नाईटला कंटाळले, नाहीतर पगाराचं कारण असेल. तेही होतं, पण सोडलं त्याने नाही.

एका नाईटला आम्ही दोघी होतो, दोघीही नव्या. साडेतीनला एक आजोबा अचानक घामाघूम झाले, श्वास वेगळाच, सॅच्युरेशन घसरत चाललेलं. मी ऑक्सिजन लावला, डोकं वर केलं, डॉक्टरांना फोन. पहिल्या फोनवर 'बघतो' म्हणाले. मी दुसऱ्यांदा केला आणि म्हटलं, सर तुम्ही आत्ता या. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी असं बोलले. ते आले, पंधरा मिनिटांत आजोबांना आयसीयूत हलवलं. माझे पाय लटपटत होते, पण आतून काहीतरी उभं राहिलं होतं. या क्षणासाठी आपण हे शिकलो, असं वाटलं.

सकाळी ओव्हर देताना मला एकच प्रश्न आला : औषधांच्या रजिस्टरमध्ये पहाटे चारची ओळ कोरी का?

दुसऱ्या दिवशी ऑफ होता. तिसऱ्या दिवशी मला दुसऱ्या वॉर्डला टाकलं, स्टाफ कमी म्हणून. ते आजोबा जगले की गेले, मला आजतागायत माहीत नाही. विचारायला आयसीयूत गेले होते, तर 'तुमचं काय काम इथे' म्हणाले. तिथून परत येताना जिन्यावर जे काही संपलं, ते मग परत आलं नाही.

पांढरा_बूट

...

जुनी_सिस्टर

वाचलं. चारची ओळ कोरी का, हा प्रश्न मीही अनेकींना विचारला आहे. तो विचारावाच लागतो. पण तो पहिला प्रश्न नसावा.

अर्धीझोप

ताई, 'जगले की गेले माहीत नाही' हे वाचून माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं.

आमच्याकडे काम वाटतात ते असं : एकीने सगळ्यांचे बीपी-टेंपरेचर, दुसरीने सगळ्यांची इंजेक्शनं, तिसरीकडे ॲडमिशन-डिस्चार्ज. मी बहुतेक इंजेक्शनांवर. त्यात कधी या वॉर्डला, कधी त्या. म्हणजे दिवसाला तीस-पस्तीस हात बघते, माणूस एकही नाही. दीड वर्षात बरा होऊन स्वतःच्या पायांनी गेलेला, 'माझा' म्हणावा असा एकही पेशंट मला सांगता येत नाही. बोलण्यातही तेच, खाटेचे नंबर. 'सातला सलाईन लावा, अकराचं पोट दुखतंय.' सात नि अकरा माणसं आहेत हे नातेवाईक आले की आठवतं.

खाट_नऊ

मी मागे १९ दिवस ॲडमिट होतो, आयडी त्यावरूनच घेतला आहे. पलीकडच्या बाजूने सांगतो. आम्हाला कळतं हो. सलाईन बदलून जाणारी सिस्टर आणि सलाईन बदलता बदलता 'काल झोप लागली का' विचारणारी सिस्टर, दोघींना वेळ तेवढाच लागतो. पण दुसरी रोज तीच असेल तरच ती 'काल'बद्दल विचारू शकते. १९ दिवसांत माझ्या खाटेपाशी किती जणी आल्या ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

शिकवणी

नर्सिंग शिकवते. अर्धीझोप, तुम्ही वर्णन केलंत त्याला कामवाटप पद्धत म्हणतात, फंक्शनल नर्सिंग. कारखान्यासारखी. कमी हातांत जास्त काम उरकतं म्हणून टिकून आहे. याच्या उलट, एका नर्सने ठरावीक पेशंटची दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतची जबाबदारी घ्यायची, ही प्रायमरी नर्सिंगची कल्पना. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेरी मँथी यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात ती आकाराला आणली. आम्ही विद्यार्थ्यांकडून परीक्षेत लिहून घेतो आणि वॉर्डात पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात बीपीचं यंत्र देऊन सांगतो, जा, सगळ्यांचे घेऊन ये!

तुमच्या पहिल्या प्रश्नाला, हे सगळ्यांचं होतं का. हो, इतक्या जणींचं की त्याला नाव आहे. मार्लेन क्रेमर यांनी १९७४ मध्येच 'रिॲलिटी शॉक' असा शब्द वापरला. कॉलेजात शिकवतात एक, वॉर्डात चालतं दुसरं, आणि नवी मुलगी मध्ये चेंगरते. सुरुवातीचं कौतुक ओसरलं की चीड येते, प्रत्येक सीनियर वाईट दिसायला लागते. मग हळूहळू कुठेतरी विनोद परत येतो. तुमची पोस्ट वाचून मला पहिली आशा त्या 'सकाळी मी झोपते'मुळेच वाटली.

दुसरं, पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या प्रवासाचे पाच टप्पे सांगितले, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. सुरुवातीला आपण नियम आणि यादी धरून चालतो, समोरचं सगळं चित्र एकदम दिसत नाही. ते दिसायला लागतं तेव्हा कामाची चव बदलते. जुनी_सिस्टर 'हात बसला की मन बसतं' म्हणतात त्यात तथ्य आहे ते इथे. पण बेनर यांच्या मांडणीत दोन-तीन वर्षं एकाच प्रकारच्या पेशंटमध्ये काढलेली नर्स तिसऱ्या टप्प्यावर येते. तुम्ही तिला दर आठवड्याला वेगळ्या वॉर्डात टाकलंत तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

निरुद्योगी

म्हणजे तीन वर्षं नोकरी आणि अनुभव एका आठवड्याचा, दीडशे वेळा.

टाचणी

निरुद्योगी यांनी आज पहिल्यांदा कामाचं बोललं. तारीख लिहून ठेवा.

स्टेथो

एक प्रांजळ प्रश्न. राऊंडला मी सिस्टरना पेशंटबद्दल विचारतो तेव्हा पुष्कळदा उत्तर येतं, 'माझ्याकडे इंजेक्शनं आहेत, विचारून सांगते.' मला ते टाळाटाळ वाटायचं. ते हेच का?

अर्धीझोप

हेच. आणि तुम्ही पुढे गेलात की आम्हालाच सगळ्यात जास्त लाज वाटते.

वाचनमात्र

अवांतर : नाईटचं चक्र कसं लावतात तुमच्याकडे? आमच्याकडे इव्हिनिंग करून रात्री दहाला घरी आणि सकाळी सातला परत मॉर्निंग.

पांढरा_बूट

आमच्याकडेही हेच. त्याला आम्ही 'कपडे बदलून ये' ड्युटी म्हणतो.

स्टेथो

झोपेवर बोलायची माझी पाळी आली म्हणायची. चक्र पुढे सरकणारं हवं, मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट. शरीराला झोप पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं अवघड. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग म्हणजे उलटी गाडी. कोणत्याही इनचार्जला हे कागदावर मांडून दाखवा, जास्तीचा माणूस लागत नाही, फक्त क्रम बदलतो.

जुनी_सिस्टर

डॉक्टर, क्रम बदलतो हे लिहायला सोपं. चौघींच्या सुट्ट्या, एकीची परीक्षा, एकीचं मूल आजारी हे सगळं त्याच कागदावर बसवायचं असतं. पण तुमचं चूक नाही. मी ते शेवटच्या चार वर्षांत केलं होतं आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यासारख्या वाटल्या. मोजल्या नव्हत्या.

आता मूळ मुद्दा. परवा मी 'तीन वर्षं होऊ दे' म्हणाले. माझ्या रमण्याबद्दल नीट आठवून बघितलं. मी ज्या वॉर्डात रुजू झाले तिथे मला कोणी हलवलंच नाही, पाच वर्षं. आणि माझी सीनियर नाईटला सगळी कामं वाटून झाली की म्हणायची, आता हे चार तुझे, यांचं सगळं तू मला सांगायचंस. कॅथेटर कधी घातला, लघवी किती, पाठ लाल झाली का, घरी कोण आहे. हात बसला तो त्या चौघांवर. ही गोष्ट मी माझ्या कर्तबगारीत जमा करून टाकली होती.

अर्धीझोप, तुझ्या इनचार्जकडे जा आणि एवढंच माग : एकच वॉर्ड, निदान तीन महिने, आणि कामवाटप असलं तरी चार पेशंट पूर्ण तुझे. रडगाणं गाऊ नकोस, मागणी म्हणून ठेव. एक वेळही सांग, दुपारची, ओव्हरच्या आधीची. सकाळी गाठलंस तर ऐकून घेणार नाही, मी पण नसतं घेतलं.

पांढरा_बूट

जुनी_सिस्टर, पहिल्या पोस्टवरचा माझा अर्धा राग मागे. उरलेला अर्धा माझ्या इनचार्जसाठी राखून ठेवतो.

आकडेमोड

एक भर. विल्यम कॅन यांनी १९९० मध्ये या विषयाची सुरुवात केली तेव्हा त्यांनी पाहिली ती उन्हाळी शिबिरातली आणि वास्तुरचनेच्या कचेरीतली माणसं. माणूस कामात जीव ओततो तेव्हा तो नकळत तीन गोष्टी तपासतो : यात अर्थ आहे का, जीव ओतला तर अंगाशी येणार नाही ना, आणि माझ्यात तेवढं त्राण आहे का. सोडूनगेलेली यांच्या त्या रात्री पहिल्याचं उत्तर 'हो' होतं. सकाळी साडेसातला दुसऱ्याचं उत्तर मिळालं.

सोडूनगेलेली

हो. तसंच.

अर्धीझोप

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

गेले इनचार्ज सिस्टरकडे, दुपारचीच. तीन महिने नाही मिळाले. 'सहा आठवडे हलवत नाही, पुढचं पुढे.' चार पेशंटवर मात्र हसल्या आणि म्हणाल्या, घे की, पण इंजेक्शनं सुटणार नाहीत. म्हणजे काम कमी झालं नाही, वाढलंच थोडं. पळापळ तशीच आहे, पोटातला खड्डा आठवड्यातून दोन-तीनदा अजून पडतो. जादू झाली असं कोणी समजू नये.

पण चौघांतल्या एक आजी होत्या, पायाची जखम. रोज ड्रेसिंग मीच केलं, म्हणून ती भरतेय हे मलाच पहिल्यांदा दिसलं. राऊंडला डॉक्टरांनी विचारलं आणि मी 'विचारून सांगते' म्हटलं नाही. काल त्या घरी गेल्या. जाताना मला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली, पण माझ्याकडे बघून.

सोडूनगेलेली, एक विचारू? त्या आजोबांचा केस पेपर रेकॉर्डमध्ये असेल का?

सोडूनगेलेली

असेल. पण मी आता तिथली नाही, मला कोण दाखवणार, आणि दाखवूही नये. राहू दे.

निरुद्योगी

सगळं झालं, पण त्या वाक्याला शेवटी किती दिलेत? वेळ कसा जातो त्याला?

अर्धीझोप

४. नाईट करून आल्यावर भरला, त्यामुळे एक इकडेतिकडे धरा.